नंदीच्या पाठीवरचे भोवरे

वसंतराव वकिलांनी लाकडी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. वशिंडापासून शेपटीच्या बुडापर्यंत, सावकाश, डोळे मिटून. मग डोळे उघडून ते म्हणाले, "झालं. नुसतं लोणी आहे."

खरं म्हणजे हातानं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. बोटांखाली लोणी होतं का बाभळीची साल होती, याची बोटांना दाद नव्हती न् फिर्याद नव्हती.

शेडच्या उंबऱ्यावर चारुशीलाबाई अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले, उठून आल्या, आजारी लेकराच्या कपाळावर टेकवावा तसा बैलाच्या पाठीवर तळवा टेकवला आणि म्हणाल्या, "हो जी. झालं." मग भाजीची परात उचलून घरात गेल्या.

एवढ्या एका होकारावर वसंतरावांचं वर्ष निघालं होतं.

अमरावतीत राठीनगरच्या मागच्या अंगाला त्यांचं घर, आणि घराच्या मागे हे टिनाचं शेड. उभी हयात त्यांनी दिवाणी दावे चालवले होते. भावाभावांच्या वाटण्या, शेताच्या धुऱ्याचे, बांधाचे तंटे, एकाच विहिरीतल्या पाण्याच्या पाळ्या. काळा कोट खुंटीला टांगला त्या दिवशी बारमधल्या मंडळींनी हार घातला तेव्हा ते म्हणाले होते, आजवर तोडून दिलं, आता जरा जोडून पाहतो. लहानपणी गावच्या सुताराच्या ओसरीवर तासन्‌तास बसायची सवय होती. ती सवय कोटाखाली दबून राहिली होती, ती वर आली. करवत आली, रंधा आला, पटाश्या आल्या, गुण्या आला. नातेवाइकांत कोणाकडे मुंज निघाली की पाट वसंतरावांचा, कोणाची लेक सासरी निघाली की पोळपाट वसंतरावांचा.

मग शुगर आली. आली तेव्हा पाहुण्यासारखी आली, पुढे घरमालकीण झाली.

आधी पायांनी साथ सोडली. वाटेत चप्पल निसटून पडायची आणि घरी पोचल्यावर कळायचं की एक पाय अनवाणीच चालत आला आहे. कोपऱ्यावरची भाजीवाली शकुन ती चप्पल हातात धरून मागून यायची. "वकीलसाहेब, एक चप्पल कोर्टात जमा केली होती का जी?" असं विचारायची. ते हसायचे.

मग बोटं. बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. डॉक्टर म्हणाले, नसा आहेत, शुगरनं खाल्ल्या, औषधानं फार तर तिथंच थांबतील. मुंग्यांचा फार जाच होता, झोपेतून उठून हात झटकत बसावं लागायचं. आणि एके दिवशी मुंग्याही गेल्या, वारूळ सोडून निघून जाव्यात तशा. मागे रिकामं वारूळ तेवढं राहिलं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते देवासाठी पाट करत होते. सागवानावर एक लाल रेघ दिसली. त्यांना वाटलं, जुन्या चौकटीचं लाकूड आहे, आतला रंग सुटला असेल. फडक्यानं पुसली. रेघ परत आली. पुन्हा पुसली तेव्हा फडकंच लाल दिसलं, आणि मग त्यांनी आपला डावा हात उलटा करून पाहिला. पटाशी अंगठ्याच्या बुडाशी चांगली खोल गेली होती. दुखत नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तरी हाताकडे पाहावं तसे ते पाहत राहिले.

अदिती अकोल्याहून धावत आली. एकुलती एक लेक, तिकडे कॉलेजात शिकवते. तिनं टाके पाहिले, शेड पाहिलं, आणि लाकूड तासायची विजेची मशीन उचलून गाडीच्या डिकीत घातली. म्हणाली, बाबा, हे बंद करा आता. शेडमध्ये मोगऱ्याच्या कुंड्या ठेवा, पुस्तकं वाचा, काहीही करा. उत्तर दिलं ते चारुशीलाबाईंनी. त्या अकोटकडच्या, नवऱ्यासमोर नाही तर जजसमोरही आवाज न बदलणाऱ्या.

"हे पाह्य अदिती. ज्या दिवशी यांच्या हाताले गुळगुळीत काय न् खरखरीत काय समजणार नाही, त्या दिवशी शेडले कुलूप. किल्ली हे स्वतः माह्याजवळ देतीन. तवर तू बोलू नको."

वसंतरावांनी मान डोलावली. अट मान्य आहे, असं पूर्वी पक्षकाराच्या वतीनं सांगायचे तसं. गुळगुळीत-खरखरीत त्यांना त्या दिवशीही कळत नव्हतं.

पण वकिलाला पुरावा एकच लागतो असं नाही. बोटं गेली तर डोळे होते. खिडकीतून तिरपं ऊन आलं की लाकडावरचा उंचवटा सावली पाडतो, ती पाहायची. कानही होते. खरबरीत लाकडावर पॉलिश पेपर खसखसतो, गुळगुळीत झालं की नुसता कुजबुजतो. या दोन साक्षीदारांच्या भरवशावर ते 'झालं' म्हणत. आणि वर चारुशीलाबाईंचा तळवा 'हो जी' म्हणे, म्हणजे निकाल पक्का.

शेड गेलं तर काय जाईल, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना नीट सांगता आलं नसतं. बाकीचे दिवस येत होते तसे जात होते. जेवणाला चव होती, पण ती दुसऱ्याच्या ताटातली वाटायची. धाकटा भाऊ धामणगावला गेला, हे दोघं जाऊन आले, दहावं झालं, तेरावं झालं, आणि एकदाही घसा दाटला नाही. टीव्ही चालू असला की चालू असायचा. बंद केला की बंद. फक्त शेडमध्ये 'झालं' म्हणताना, आणि त्यावर 'हो जी' ऐकताना, आत कुठेतरी कोरड्या भिंतीत खुंटी घट्ट बसावी तसं काहीतरी व्हायचं. एवढंच. तेवढ्या एका खुंटीवर सगळं टांगलेलं होतं.

आणि या वर्षी बैल होता.

पोळ्याला शेतकऱ्यांचे बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो लेकरांचा. चाकांवरचा लाकडी नंदी दोरीनं ओढत लेकरं दारोदार जातात, बाया ओवाळतात, हातावर बोजारा, म्हणजे खाऊ नाही तर पैसे, ठेवतात. अदितीची लेक अबोली मागल्या वर्षी दुकानातला रंगीत नंदी घेऊन निघाली होती. दुसऱ्याच दारात त्याच्या पाठीचं कुसळ तिच्या तळव्यात गेलं. सुईनं काढेपर्यंत सगळ्या गल्लीनं तिचं रडणं ऐकलं. या वर्षी आषाढ लागतानाच तिचा अकोल्याहून फोन आला. तान्ह्या पोळ्याला आम्ही तुमच्याकडे येणार, आणि आजोबा, मला टोचणारा बैल नको.

वसंतराव बडनेरा रोडच्या टालावर गेले. शालिकराम तिथं पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड विकतो. धामणगाव रेल्वेच्या एका मोडलेल्या गोदामाची चौकट त्यानं काढून दिली, चाकं मी माझ्या खरादीवर काढून देतो म्हणाला. महिनाभर ते त्या चौकटीच्या आत बैल शोधत होते. पटाशी चालवताना लाकूड शिकंज्यात आवळलेलं, डावा हात त्याच्या मागे. पाय झाले, गळ्याखालची पोळी झाली, वशिंड झालं, शिंगं वेगळी करून भोकांत बसवली. श्रावणाचं आभाळ भरलेलं, तिरपं ऊन काही येईना. मग कानावर भरवसा ठेवून त्यांनी पाठ घासली, घासली, आणि म्हणाले, झालं.

दोन दिवसांनी त्यांनी तेल काढलं.

जवसाचं तेल, किंचित कोमट केलेलं, आणि जुन्या धोतराचं फडकं. हे काम त्यांना सगळ्यात आवडायचं. कोरडं लाकूड मुकं असतं, पोटातलं काही सांगत नाही. तेल त्याची उलटतपासणी घेतं. फडकं फिरलं की सागवानाच्या रेषा वर येतात, गाठ कुठे, कीड कुठे, सगळं कबूल होतं. त्यांनी बैलाच्या डाव्या अंगाला तेल लावलं, फडकं पाठीवर नेलं, आणि हात थांबवला.

पाठीवर गोल उमटले होते.

लहान लहान, एकात एक गुंतलेले बारीक ओरखड्यांचे फेरे. वशिंडाखाली एक, मग त्याला लागून दुसरा, तिसरा, शेपटीपर्यंत. वसंतरावांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. त्यांचा स्वतःचा हात कधी गोल गेला नव्हता. लाकूड रेषेच्या दिशेनं घासायचं, सरळ जायचं न् सरळ यायचं, हे ते सुताराच्या ओसरीवर पहिलं शिकले होते. झोपेतसुद्धा त्यांनी आडवं घासलं नसतं.

ते उठले. तेलाचं फडकं हातातच होतं. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. त्यांनी पोळपाट उचलला, मागल्या दिवाळीत केलेला, उलटा करून कडेला फडकं ओढलं. गोल वर आले. देवघरातला पाट काढला, ज्याच्यावर ती लाल रेघ उमटली होती. त्याच्या कोपऱ्याला तेल लावलं. तिथंही तेच. पाट जागेवर ठेवून त्यांनी वरचं वस्त्र नीट केलं.

म्हणजे वर्षभर ज्याला ज्याला ते 'झालं' म्हणाले, ते झालेलं नव्हतं. दुपारी ते पंख्याखाली डोळा लागून पडत तेव्हा कोणीतरी शेडमध्ये जात होतं, आणि जे राहिलं ते पुरं करत होतं. कोण, याला साक्षीदार लागत नव्हता.

राग यायला हवा होता. लाज तरी यायला हवी होती. ते शेडमध्ये येऊन स्टुलावर बसले आणि थोडा वेळ वाट पाहिली. दोन्हींपैकी कोणी आलं नाही. टिनावर बुरबुर पाऊस पडत होता. बैल अर्धा तेलाचा न् अर्धा कोरडा उभा होता. त्यांनी फडक्याची घडी केली, तेलाच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतर ते शेडमध्ये गेले नाहीत.

पहिल्या दिवशी चारुशीलाबाईंना वाटलं, पाऊस आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तेव्हा वसंतराव म्हणाले, तेल मुरतंय. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः शेडमध्ये डोकावून आल्या आणि ताट वाढताना म्हणाल्या, एक बाजू जेवली, दुसरीले उपास आहे का त्या बैलाचा? वसंतरावांनी पोळी मोडली. पोळा जवळ येत होता, अदितीचं अकोल्याहून निघायचं ठरलं होतं, आणि ते समोरच्या खोलीत खुर्चीत बसून बाहेरच्या लिंबाकडे पाहत होते. लिंब ओला होता. दुसरं त्याच्याबद्दल काही सांगण्यासारखं नव्हतं.

अशातच शालिकराम चाकं घेऊन आला.

त्याला शेडमध्ये नेणं भाग होतं. त्यानं पिशवीतून चारही चाकं काढून ओळीनं मांडली आणि मग बैलाकडे वळला. बैल पाहिला, वाकून पाहिला, हात लावून पाहिला.

"वा जी वकीलसाहेब," तो म्हणाला. "भोवरेबी पाडले का?"

वसंतराव चाकं उचलून पाहू लागले.

"हे पाहा ना, पाठीवर. अस्सल. दुकानातल्या नंदीले कोणी भोवरा पाडत नाही, तो भोंडा दिसते नुसता. माहा बाप बाजारात बैल घ्याले जाये तं आंधी पाठीवरचा केसाचा भोवरा पाहे, मंग दाताले हात लावे. बिनभोवऱ्याचं जनावर त्यानं दावणीले कधी बांधलं नाही." तो पुन्हा वाकला. "कसे पाडले जी? पटाशीनं तं नाही दिसत."

चारुशीलाबाई चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. तिथंच थांबल्या. ट्रेमधल्या स्टीलच्या गिलासांकडे पाहत राहिल्या, जणू ते मोजायचे आहेत. वसंतरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग शालिकरामला म्हणाले, "पडले. घासता घासता."

चहा झाला. शालिकरामनं खांद्यावरचा दुपट्टा गिलासाला गुंडाळून फुंकर मारत चहा घेतला, पोळ्याला दोन दिवस टाल बंद राहील असं सांगितलं आणि गेला. वसंतरावांचा गिलास तोवर कधीच रिकामा झाला होता. तो त्यांनी उघड्या हातानंच धरला होता.

चारुशीलाबाई गिलास घ्यायला आल्या तेव्हा वसंतरावांनी खिळ्यावरची शेडची किल्ली काढली आणि ट्रेमध्ये ठेवली.

"हे काय?"

"अट होती ना. हाताले समजत नाही मले."

"मंग?"

"मग काय. कुलूप लाव. कधीपासूनच समजत नाही."

"मले माहीत आहे," चारुशीलाबाई म्हणाल्या.

त्या खाली बसल्या, लाकडाच्या भुशातच, पातळाची पर्वा न करता. वसंतरावांनी विचारलं, कधीपासून माहीत आहे. त्या म्हणाल्या, तुमी चहाचा गिलास रुमालानं धरणं सोडलं तेव्हापासून. आधी कसं, चहा आला की रुमाल कुठं आहे, रुमाल कुठं आहे. मग एक दिवस उकळता गिलास तसाच उचलला न् पेपर वाचत राहिले. मी पाहतच राहिले, म्हणाल्या.

"म्हणजे अदितीसमोर अट घातली तेव्हाही माहीत होतं?"

"तवाही."

"मग घातली कायले?"

"ते पोरगी ऐकत होती का? कुलूप घेऊनच आली होती. तुमीच सांगत ना जी घरी येऊन, केस कच्ची असली म्हणजे वाद घालत नाही बसाचं, तारीख मागून घ्याची. म्या तारीख घेतली."

वसंतरावांना हसू यायला हवं होतं. चेहऱ्याचा एक कोपरा हलला.

"अन् कुलूप लागलं असतं तं तुमी दिवसभर सैपाकघरात माह्या मागं येऊन बसले असते. फोडणी जळून राहिली, मीठ कमी पडून राहिलं. तेवढं मले झेपलं नसतं."

"सांगायचं तरी होतं एकदा. मी आपला झालं झालं म्हणत राहिलो वर्षभर."

चारुशीलाबाई ट्रेवर पडलेला भुसा बोटानं गोळा करत होत्या. "झालं म्हणता तवा तुमी आपलं तोंड पाह्यलं आहे का कधी?" त्या म्हणाल्या. "बाकी दिवसभर तुमचं तोंड कसं असते ते मी पाहतो. एवढ्या एका टायमाले ते माणसाचं दिसते. मंग मी काय म्हणू, नाही झालं?"

टिनावरचा पाऊस थांबला होता. पन्हाळीतून थेंब तेवढे पडत होते. वसंतराव बैलाच्या पाठीकडे पाहत म्हणाले, लाकूड गोल घासत नसतात. रेषा मोडते. तेल लावलं की दिसतं.

"आता मले काय माहीत? तुमी फेकलेले तुकडे घेऊन घासे मी. मले हात फिरवाचं एकच माहीत."

"दाखव."

"काय दाखवू?"

"कसं घासते ते दाखव."

त्या लाजल्या. या वयात बाईमाणूस लाजलं की आधी चिडतं, तशा आधी चिडल्या, काहीबाही बोलल्या, सैपाक पडला आहे म्हणाल्या. मग एक पाय लांब केला, दुसरा दुमडला, बैल दोन्ही पायांमध्ये ओढून घेतला आणि कोरड्या बाजूवर पॉलिश पेपरचा झिजका तुकडा ठेवला. हात फिरू लागला. गोल, उजवीकडून डावीकडे, खांद्यापासून, कमरेपासून. वसंतरावांनी ही बैठक पाहिली होती. लग्नानंतर पहिल्यांदा अकोटकडे सासरवाडीला गेले तेव्हा पहाटे ओसरीवर घरघर ऐकून ते उठले होते. नवी नवरी माहेरच्या जात्यावर आजीसमोर अशीच बसली होती, आणि दोघींचे हात एका खुंट्यावर होते. जात्यावरचं पीठ केव्हाच बंद झालं. कोपऱ्यावर गिरणी आली, मग घरात गिरणी आली. हात मात्र अजून त्याच वाटेनं जात होता.

थोड्या वेळानं चारुशीलाबाईंच्या तोंडून गुणगुण सुरू झाली. आपण गातो आहोत हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

सुपातली जवारी, मुठी मुठीनं सरते
आंधळ्या जात्याले गं, बोट माझं वाट दावते

वसंतराव ऐकत राहिले. मग म्हणाले, आता सरळ घासून पाहा. रेषेनं. चारुशीलाबाईंनी पेपर सरळ नेला, सरळ आणला. गुणगुण 'सुपातली'पर्यंत आली आणि अडखळली. पुन्हा सुरू केली, पुन्हा अडखळली.

"सरळ घासलं की गाणं तुटते जी."

"गाणं नको म्हणू मग."

"गाणं नाही तं हात चालत नाही."

वसंतरावांनी बैलाच्या तेलाच्या बाजूकडे पाहिलं. आयुष्यभर त्यांनी एक रेषा धरली होती आणि ती कुठे वाकडी गेली की त्यांना रात्री झोप येत नसे. ही पाठ बारीक पेपरनं रेषेच्या दिशेनं पुन्हा काढता आली असती. त्यांनी कपाटातून बारीक पेपर काढलाही. अजून दिवस होते. पेपर हातात धरून ते उभे राहिले, आणि मग तो त्यांनी चारुशीलाबाईंच्या हातात दिला, झिजका तुकडा काढून घेतला.

"गोलच घास," ते म्हणाले. "पण ह्यानं. अन् मी धरतो."

ते समोर खाली बसले. बसायला वेळ लागला, एक हात स्टुलावर, एक भिंतीला. त्यांनी बैलाचे पाय दोन्ही हातांनी धरले. पकड किती घट्ट आहे हे त्यांना हातावरून कळेना, म्हणून नखं पांढरी होईपर्यंत दाबून पाहिलं. चारुशीलाबाईंचा हात फिरू लागला. जवारी सुपातून सरू लागली. बोटांना काही कळत नव्हतं, तळव्यांना कळत नव्हतं. पण थोड्या वेळानं मनगटाच्या वर, कोपराच्या आतल्या अंगाला, एक बारीक घरघर येऊन पोचली. हात वळला की वाढायची, परतला की उतरायची. लाकडातून, मेलेल्या बोटांतून वाट काढत ती तिथवर आली होती. त्यांनी कोपर हलवलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ऊन पडलं होतं. बैलाच्या गळ्यात घुंगरांची माळ, शिंगांना बेगड, पाठ मात्र अबोलीनं उघडी ठेवायला लावली, झूल नको म्हणाली. ओवाळायच्या आधी ती बैलाजवळ उकिडवी बसली आणि पाठीवर तळवा ठेवला. आधी घाबरत, मग मोकळा. मग तिचं एक बोट फेऱ्यावरून गोल गोल फिरू लागलं. "आजोबा, हे काय आहे?"

"भोवरा," वसंतराव म्हणाले. "खऱ्या बैलाला असतो."

अदिती बापाच्या मागे उभी होती. तिनं भोवरे पाहिले, मग बापाचे हात पाहिले. हळू आवाजात तिनं विचारलं, बाबा, खरं सांगा. हाताला कळतं ना अजून?

उत्तर तयार होतं. वर्षभर तेच दिलं होतं. चारुशीलाबाई निरांजन पेटवत होत्या. काडी त्यांच्या बोटापर्यंत आली तरी त्यांनी ती विझवली नाही.

"नाही," वसंतराव म्हणाले. "मला नाही कळत. तुझ्या आईच्या हाताला कळतं."

अदितीनं आईकडे पाहिलं. चारुशीलाबाईंनी काडी विझवली आणि कमरेला खोचलेली किल्ली काढून दाखवली. "माह्याजवळ आहे," त्या म्हणाल्या. "मी बसतो तवाच उघडते. दुपारची झोप गेली माही, ते कोणी विचारत नाही."

अदिती काही म्हणणार होती. तेवढ्यात अबोलीनं दोरी ओढली, चाकं फरशीवर खडखडली आणि सगळ्यांना फाटकापर्यंत जावं लागलं. शकुन आपल्या भाजीच्या टोपल्यापाशी बसली होती. तिनं उठून बैलाची नजर काढली आणि अबोलीच्या हातावर पेरू ठेवला. वसंतराव फाटकाशी उभे राहून पाहत होते. छान दिसत होतं. छान आहे हे त्यांना कळत होतं. वाटत होतं की नाही हे त्यांनी तपासून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अदिती न् अबोली अकोल्याच्या वाटेला लागल्यावर, चारुशीलाबाईंनी कुलूप उघडलं. चौकटीचा उरलेला एक तुकडा होता, त्याचा ढवळायचा चाटू निघाला असता. वसंतरावांनी तो तासला, रेषेनं सरळ घासला, कान देऊन ऐकला. कागद कुजबुजत होता. त्यांचा हात सवयीनं लाकडाकडे निघाला, आणि वाटेतच थांबला. त्यांनी तुकडा उचलून उंबऱ्याकडे पुढे केला.

"पाहा बरं," ते म्हणाले. "झालं का?"

चारुशीलाबाईंनी पदराला हात पुसला, तळवा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"नाही जी," त्या म्हणाल्या. "इकडून टोचते."